प्लास्टर निघाल्यावर

डोंबिवलीत कुणाचा पाय मोडला की भेटायला येणारी माणसं हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘पडलात कुठे?’ आणि दुसरा, ‘आता गाडीचं काय?’ गाडी म्हणजे अर्थातच लोकल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या नोकरदाराचा दिवस घोट्यांच्या जिवावर चालतो. जुन्या इमारतीचे तीन मजले, कारण लिफ्ट नाही. रिक्षा स्टँडपर्यंतचा पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ, ज्यातला एक ब्लॉक पावसाळ्यापासून हलतोय. स्टेशनचा पूल, फलाट आणि डब्यामधली फट, आणि आत शिरल्यावर तासभर जेमतेम दीड पावलाच्या जागेत उभं राहणं. एवढं सगळं एका चुकलेल्या पायरीने बंद पडतं.

डॉक्टर सांगतात, ‘सहा आठवडे.’ घरचे लगेच भिंतीवरच्या कालनिर्णयात तारीख शोधतात. सहा आठवडे म्हणजे गणपतीच्या आत, चला, निभावलं. मग तो दिवस येतो, प्लास्टर कापलं जातं आणि आतून निघतो तो पाय आपला वाटत नाही. पोटरी बारीक झालेली, कातडीचे पापुद्रे सुटताहेत, घोटा हलत नाही आणि पाऊल जमिनीला टेकवलं की कळ थेट गुडघ्यापर्यंत जाते. रुग्णाला वाटतं, काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. सहा आठवड्यांत हाड सांधलं जातं, पाय बरा होत नाही, एवढंच त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. पायाच्या दुखापतीत सगळ्यात लांबतो तो हा काळ, आणि माहिती सगळ्यात कमी मिळते तीही याच काळाबद्दल.

आधी पायाकडे पाहू. एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी जवळपास चौथा हिस्सा घोट्यांखाली आहे. साधं चालताना घोट्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. त्यातच पाऊल हृदयापासून सगळ्यात दूर आणि सगळ्यात खाली. तिथवर रक्त सहज उतरतं, पण परत वर चढवायला पोटरीच्या स्नायूंनी प्रत्येक पावलाला दाबून ढकलावं लागतं. प्लास्टरमध्ये हे स्नायू थांबतात आणि सूज उतरायला वाटच राहत नाही. प्लास्टर निघाल्यावरही कित्येक महिने दिवसभर पाय खाली राहिला की संध्याकाळी घोटा भरून येतो, तो यामुळेच. तेव्हा पाय ‘उंच ठेवा’ म्हणजे समोरच्या स्टुलावर नव्हे. आडवं पडून, उशा लावून, छातीच्या पातळीपेक्षा वर. स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघणाऱ्याची सूज फारशी हलत नाही.

पहिल्या दिवशी सोसायटीत जे निदान होतं ते ठरलेलं असतं: ‘चालता येतंय ना, मग मोडलेलं नाही, नुसता मुरगळलाय.’ हे अर्धंच खरं आहे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मोडूनही घरापर्यंत लंगडत आलेली माणसं कोणत्याही ऑर्थोपेडिक ओपीडीत भेटतील. मुरगळा आणि फ्रॅक्चर वेगळं कसं ओळखायचं, याची एक सोपी चाचणी कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. दुखापत होताच, आणि नंतर दवाखान्यातही, लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबल्यावर हाडातच दुखत असेल तरी हवा. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर लागणारं हाडाचं टोक आणि आतल्या कडेला कमानीच्या माथ्याचं हाड, या दोन जागांनाही तोच नियम. यातलं काहीच नसेल तर एक्स-रे बहुतेक लागत नाही. ही चाचणी जगभर वापरली जाते. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय, कुठेही घोटा धरून बसलेल्यांच्या रांगेत ती उपयोगाचीच. मात्र ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तिच्यावर विसंबू नये. त्यांच्याविषयी पुढे बोलूच.

घरगुती उपायांपैकी आंबेहळद आणि रक्तचंदनाच्या लेपाला माझा विरोध नाही. कातडी फुटलेली नसेल तर त्याने नुकसान होत नाही आणि लेप वाळेपर्यंत माणूस निदान एका जागी बसतो. विरोध आहे तो तेल लावून जोरात चोळण्याला आणि ‘मुरगळा काढून देतो’ म्हणत पाय ओढण्याला. ताज्या दुखापतीत लहान रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळल्याने रक्तस्राव वाढतो आणि तडा गेलेलं हाड सरकूही शकतं. बर्फाची कथा वेगळी आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच, हे सूत्र अमेरिकेतले डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केलं. तेच मिर्किन २०१४ मध्ये म्हणाले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं. आता बर्फ दुखणं कमी करण्यापुरता, कपड्यात गुंडाळून, थोडा वेळ लावायचा आणि शक्य तितक्या लवकर पाय हळूहळू हलवायला लागायचं, असा कल आहे. मिर्किन यांचं मला कौतुक वाटतं. स्वतःच्या नावाने चालणारं सूत्र मोडायला धैर्य लागतं.

हाड मोडलं की फटीत रक्त साठतं आणि त्याची गाठ होते. ही गाठ कचरा नाही, दुरुस्तीचा पाया तीच असते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी मऊ, कूर्चेसारखं ऊतक तयार होतं. सहा ते बारा आठवड्यांत त्यात कॅल्शियम भरून ते कडक होतं. हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात ते या टप्प्यावर. पण ही दुरुस्ती ओबडधोबड असते. जादा हाड खाऊन टाकणाऱ्या आणि नवं रचणाऱ्या पेशी पुढे कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षंही, त्याला आकार देत राहतात. कुठे किती हाड ठेवायचं हे त्या भारावरून ठरवतात. हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे घडतं, हा नियम जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. म्हणजे प्लास्टर निघाल्यानंतर टाकलेलं बेताचं पाऊल हाही उपचारच. कधीच वजन न टाकणारा आणि घाईने पळणारा, दोघेही या पेशींना चुकीचा निरोप देतात. तंबाखूचं मात्र वेगळं सांगायला हवं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, कधी जुळतच नाहीत. त्या काळात सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडणं कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त कामाचं.

‘तिचंही पायाचंच फ्रॅक्चर होतं, ती महिन्यात उभी राहिली’ हे वाक्य रुग्णाला फार छळतं. त्याला उत्तर म्हणून लिव्हरपूलच्या रॉबर्ट जोन्स यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जोन्स ज्यांच्या हाताखाली शिकले ते त्यांच्या नात्यातले काका ह्यू ओवेन थॉमस. थॉमस यांचं घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवणारं. मोडलेल्या किंवा सुजलेल्या अवयवाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, हा थॉमस यांचा आग्रह. असा वारसा असलेले जोन्स एकदा नाचत असताना टाच उचललेली असताना पावलाच्या बाहेरच्या कडेवर आले आणि आत काहीतरी तुटलं. त्यांना वाटलं स्नायूची दोरी तुटली. रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधून तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. जोन्स यांनी आपल्या पावलाचं क्ष-किरण छायाचित्र काढून घेतलं आणि करंगळीमागचं लांब हाड मोडलेलं दिसलं. १९०२ मध्ये त्यांनी स्वतःसकट काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आजही त्या जागेच्या फ्रॅक्चरला ‘जोन्स फ्रॅक्चर’ म्हणतात.

गंमत पुढे आहे. त्याच हाडाचं टोक मुरगळताना ओढलं जाऊन तुटलं, तर बहुतेक वेळा कडक तळाच्या बुटात चालतही ते महिना-दीड महिन्यात जुळतं. पण तडा तिथून दोनेक सेंटिमीटर बोटांच्या दिशेने, म्हणजे जोन्स यांच्या जागी असेल, तर महिने लागतात आणि खेळाडूंना अनेकदा आत स्क्रू बसवावा लागतो. कारण रक्तपुरवठा. हाडाच्या टोकाला रक्त एका बाजूने येतं, दांड्याला दुसऱ्या बाजूने, आणि या मधल्या जागी दोन्हींकडून कमी पोचतं. हाड तेच आणि एक्स-रेत बारीकशी रेघही तशीच, पण तारखा वेगळ्या. घोट्यातलं जे हाड नडगीखाली बसतं त्याचीही तीच अडचण. त्याच्यावर बहुतेक सगळीकडे कूर्चा असते, रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. तेव्हा शेजारणीच्या पायाशी तुलना करण्याआधी तिचं हाड नेमकं कुठे मोडलं होतं ते विचारावं.

हाडापेक्षा ‘लिगामेंट’ बरं, असं लोक समजतात. डॉक्टर म्हणाले ‘फ्रॅक्चर नाही, फक्त लिगामेंट फाटलंय’ की घरात सुटकेचा श्वास टाकला जातो. हा ‘फक्त’ महागात पडतो. पाऊल आत वळून मुरगळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूची बंधनं ताणली किंवा फाटली जातात. हाड जसं पुन्हा हाड होतं, तसं लिगामेंटचं होत नाही. तिथे आधी विस्कळीत तंतूंचा डाग भरतो आणि त्याला ताकद यायला वर्षभरही लागतं. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्याने स्वतःच्या गोलंदाजीवर फटका पायाने अडवायचा प्रयत्न केला आणि डावा घोटा मुरगळला. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पंड्या एखाददुसऱ्या सामन्यानंतर परतेल अशी आशा होती. ४ नोव्हेंबरला त्याला विश्वचषकातून बाहेर काढावं लागलं. तो पुन्हा स्पर्धेत उतरला ते फेब्रुवारीच्या अखेरीस नवी मुंबईत, डी. वाय. पाटील टी-ट्वेंटी स्पर्धेत. मधे चार महिने गेले होते. फिजिओ, स्कॅन, आहारतज्ज्ञ, राष्ट्रीय अकादमी, सगळं दिमतीला असूनही. मग मुरगळल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ‘अजून दुखतंय’ म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कारकुनाने जरा शांत व्हायला हरकत नाही.

काही हाडं पडल्याशिवायही मोडतात. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केल्यावर पावलं सुजून येणारे सैनिक पाहिले. एक्स-रे आल्यावर कळलं, ती पावलाच्या लांब हाडांना पडलेली तड होती. आपल्याकडे ती दिसते ती ठाण्याची वर्षा मॅरेथॉन जवळ आल्यावर अचानक धावू लागलेल्यांत, किंवा वर्षभर खुर्चीत बसून एकदम शिर्डीच्या पदयात्रेला निघालेल्यांत. कसारा घाट चढेपर्यंत पाऊल ठणकायला लागतं, फोड नाही, जखम नाही, पण एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून चालत राहू नये.

आता दुखण्याबद्दल. दुखणं नकोसं असतं आणि ते सोसण्यात काही पुण्य नाही. पण दुखणंच नसतं तर काय झालं असतं, हे पाहायला कल्याणहून लांब जावं लागत नाही. पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरोगमुक्त झालेल्यांची वसाहत आहे. नौदलातून निवृत्त झालेले डोंबिवलीचे गजानन माने यांनी अनेक वर्षं तिथल्या माणसांची सेवा केली आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण मेलेल्या नसांतली संवेदना बहुधा परत येत नाही. अशा पायात खडा गेला, चप्पलेचा खिळा वर आला, तरी माणूस लंगडत नाही. तो तसाच चालतो आणि जखम खोल जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं. कुष्ठरोगाने बोटं ‘गळतात’ असा समज होता. ब्रँड यांनी म्हटलं, पाय झडत नाही, तो दुखत नसल्यामुळे झिजवला जातो. त्याच पायाला प्लास्टर घालून भार काढला की वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरू लागत. पुढे मऊ मायक्रोसेल्युलर रबरच्या चपला आल्या. जुन्या मधुमेहातही हेच घडतं. मधुमेह असलेल्या माणसाचं पाऊल मुरगळल्यासारखं सुजलं, लाल आणि गरम झालं, पण फारसं दुखत नाही, तर त्याने त्यात समाधान मानू नये. आतली हाडं चुरडत असू शकतात. त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट दुखण्याचाच मोजमाप म्हणून वापर करतात. शून्य ते दहा अशी मोजणी. व्यायाम करताना थोडं दुखलं, तीनच्या आसपास, तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची. झोपून उठल्यावर दुखणं आणि सूज कालच्या सकाळइतकीच असेल तर कालचा भार बरोबर होता, जास्त असेल तर आज कमी करायचा. यात ना ‘जोर लावून चालायला लागा’ आहे, ना ‘अजून महिनाभर टेकवू नका’. रोज सकाळी पायालाच विचारायचं.

ताकद परत येते त्याच्या आधी एक वेगळीच गोष्ट हरवलेली असते, तोल. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात आणि मुरगळताना त्यांनाही मार बसतो. ब्रिटिश शल्यवैद्य मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्ये दाखवलं की घोटा वारंवार ‘दगा’ देतो त्यामागे बहुतेकदा हे बिघडलेलं भान असतं आणि डुगडुगत्या फळीवर उभं राहण्याच्या सरावाने ते सुधारतं. घरी फळी नसली तरी चालेल. सुरुवातीला खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ काढायचं, ‘ज्ञ’पर्यंत पोचेस्तोवर घोटा सगळ्या दिशांना फिरून होतो. मग भिंतीला हात लावून टाचा उचलणं. मग ओट्याचा आधार हाताशी ठेवून, दात घासताना एका पायावर उभं राहणं. हे सोपं वाटतं म्हणून लोक करत नाहीत, आणि सहा महिन्यांनी त्याच जिन्यावर तोच पाय पुन्हा मुरगळतो.

जिन्याचा नियम प्रत्येक फिजिओ सांगतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे शरीर उचलायचं आणि सावरून खाली सोडायचं, ही दोन्ही अवघड कामं चांगल्या पायाकडे राहतात. उतरणं चढण्यापेक्षा जड जातं, त्यासाठी घोटा पुरेसा वाकावा लागतो आणि पोटरीला ताणलं जातानाच भार पेलावा लागतो. म्हणून स्टेशनवर सरकता जिना वर जाणारा एकच असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्याला खाली उतरवणारी लिफ्ट कोणत्या टोकाला आहे, हे आधी विचारून ठेवावं.

विश्रांती सगळ्यांना सारखी मिळत नाही, हेही लिहायला हवं. पगारी रजा असलेल्याचे सहा आठवडे आणि पार्सल पोचवणाऱ्याचे सहा आठवडे एक नाहीत. बारा तास उभं राहणारा वॉचमन तिसऱ्या आठवड्यातच क्रेप बँडेज बांधून परततो. घरातल्या बाईचं तर विचारूच नका. तिला प्लास्टर असतं तेव्हा सगळे स्वयंपाक करतात आणि प्लास्टर उतरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तिनेच टाकायचा असतो. दिसणारं प्लास्टर हेच आजारपण, असा घरचा हिशेब. खरं तर मदतीची गरज तेव्हाच जास्त असते, कारण तेव्हाच तिने पहिल्यांदा त्या पायावर वजन टाकायचं असतं. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवणं, न्हाणीघरात रबरी चटई आणि धरायला दांडी, भाजी आणणं दुसऱ्याकडे, एवढं दोन महिने तरी चालू राहिलं पाहिजे. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का आणि ड जीवनसत्त्व किती आहे, हे तपासून घ्यावं. आणि पोटरी एकाएकी दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हालचाल थांबलेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

कामावर परतताना फास्टचा हट्ट सोडावा. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो किंवा ठाण्याहून सुटणारी गाडी, थोडी उशिराची, जिच्यात बसायला मिळेल. कडक तळाचे, मागून टाच धरणारे बूट, सँडल नको. हातात काठी असावी, गरज नसली तरी: काठी दिसली की गर्दी धक्का देताना जरा विचार करते. उतरताना लोंढा जाऊ द्यावा आणि मग उतरावं, त्यासाठी गाडी थांबण्याआधीच दाराकडे सरकून कडेला धरून उभं राहावं लागतं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घोटा भरलेला असेलच. उशांवर पाय ठेवून झोपावं, आणि सकाळी सूज उतरलेली दिसली तर पुन्हा तीच गाडी पकडावी. उतरली नसेल तर एक दिवस घरी.